मिथाइलफेनिडेट: डोकं जागेवर आलं, कोठा बिघडला

एडीएचडीसाठी (लक्ष एका जागी टिकत नाही, तो विकार) दिवसभर पुरणारी मिथाइलफेनिडेटची गोळी मी कित्येक महिने घेतोय. गोळी काम करते. अर्धवट पडलेली कामं संपतात, समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत डोक्यात शिरतं. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. लिहायचंय ते मूळव्याधीबद्दल.

गोळी सुरू करताना डॉक्टरांनी भूक, झोप, कोरडं तोंड, नाडी, बीपी असं सगळं सांगितलं. वजन केलं, बीपी घेतलं. पोट साफ होतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. माहितीपत्रकात बद्धकोष्ठता सापडली, पण भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत. काही महिन्यांनी कमोडमध्ये लालभडक रक्ताचे थेंब दिसले. दुखणं अजिबात नाही. निदान झालं, आतली मूळव्याध.

आधी सगळा राग गोळीवर निघाला. तर्क सरळ होता: या औषधानं नॉरएड्रेनॅलिन या शरीरातल्याच रसायनाचा जोर वाढतो, रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे तिथल्याही बिघडल्या असणार. पण मूळव्याधीवर लावायच्या काही मलमांत फिनाइलेफ्रिन असतं आणि त्याचं कामच मुळी रक्तवाहिन्या आवळून सूज उतरवणं! नुसतं आवळण्यानं मोड आले असते तर ते मलम कुणी बनवलं नसतं. (बीपी वाढलेलं असेल तर हे मलमही डॉक्टरांना विचारूनच लावा.) त्यामुळे गोळीनं थेट मूळव्याध होते, हे मत मी सोडलं. आडवाटेनं मात्र नक्की हातभार लावते.

भूक मेल्यामुळे दुपारचं जेवण अर्धं होतं, म्हणजे पोटात चोथा कमी. पाणी प्यायचं राहून जातं. आतड्यांची चालही मंदावू शकते. आणि सगळ्यात वाईट, ज्यावर माझा खरा राग आहे, ती म्हणजे गोळीनं लागलेली तंद्री. संडासची कळ येते आणि ‘एवढं संपवून जाऊ’ म्हणत दाबली जाते. कळ निघून जाते, मळ आतच थांबतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि त्याचा खडा होतो. मग कुंथणं आलं. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. कुंथून कुंथून त्या फुगतात, खाली सरकतात, त्यालाच आपण मूळव्याध म्हणतो. त्यात मोबाइल आत नेला की कमोडवरही तीच तंद्री.

जाता जाता एक. माझ्या गोळीचं कवच विरघळत नाही. औषध एका बारीक छिद्रातून हळूहळू बाहेर पडतं आणि रिकामं कवच शौचावाटे निघून जातं. अख्खी गोळी पडल्यासारखी दिसली तरी घाबरू नका, औषध अंगात गेलेलं असतं. आतडं कुठे फार अरुंद असेल तर मात्र ही गोळी चालत नाही.

डोस तोच ठेवला, सवयी बदलल्या. नाश्ता आता गोळीच्या आधी, भूक जिवंत असतानाच. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं, म्हणून नाश्ता झाला की लगेच संडास, पायाखाली छोटं स्टूल आणि मोबाइल बाहेर. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जावेत असं सांगतात. मेलेल्या भुकेवर ते जमत नाही, म्हणून रात्री इसबगोल. ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचं, नाहीतर आतच गोळा होऊन बसतं. सूज होती तेव्हा कोमट पाण्यात 10-15 मिनिटं बसण्यानं जो आराम मिळाला तो मलमानं मिळाला नाही. रक्त थांबलं आहे.

मात्र रक्त दिसलं की ‘गोळीमुळे कोठा जड झालाय’ म्हणून घरीच निदान करू नका. रक्ताबरोबर वजन घटत असेल तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शंका घेतात, आणि या गोळीनं भूक मरून वजन तसंही उतरतं. म्हणजे नेमकी ती खूण झाकली जाते. माझं वजन उतरलेलं पाहून सर्जननी मोड दिसत असतानाही मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायला लावली. तपासणीपेक्षा आदल्या रात्रीचं पोट साफ करायचं औषध जास्त छळतं. आत दुसरं काही निघालं नाही.