‘नॉन-टेअरेबल’ म्हणून आला लॅमिनेटेड कागद: रोपवाटिकेच्या टॅगमधली फसवणूक

कोकणातल्या एका रोपवाटिकेने पावसाळ्याच्या तोंडावर कलमांसाठी ६,००० टॅग मागवले. माप ७५ × ४० मिलिमीटर, एका टोकाला ५ मिलिमीटरचं भोक, माल रोलमध्ये, दोन टॅगच्या मध्ये परफोरेशन (फाडून वेगळं करायची बारीक भोकांची रेघ) आणि मागे सेन्सरसाठी काळी खूण. छपाई रोपवाटिकेच्याच बारकोड प्रिंटरवर करायची होती, म्हणून सोबत एक रेझिन रिबन, म्हणजे प्रिंटरची शाईची फीत. फोनवर बोलणं झालं पॉलिस्टरचं. कोटेशनमध्ये मात्र विक्रेत्याने एवढंच लिहिलं: ‘नॉन-टेअरेबल वॉटरप्रूफ टॅग, १८०’. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल निघताना.

गणपतीच्या सुमारास वाफ्यांमधले टॅग कडांना भिजलेल्या पापडासारखे फुगले होते. भोकाच्या कडेला नख लावलं की टॅग मधोमध उकलायचा आणि दोन्ही पापुद्र्यांना आतून कागदाचे ओले तंतू चिकटलेले दिसायचे. छापलेली जात काहींवर अर्धी उरली होती, काहींवर अजिबात नव्हती.

कपड्याच्या दुकानात टॅग पुसला तर दुसरा लावता येतो. आंब्याच्या कोयकलमाला फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. हापूस, रत्ना आणि सिंधू यांची वीतभर उंचीची कलमं शेजारी ठेवली तर सरावाचा माणूसही गोंधळतो, कारण रत्ना ही नीलम आणि हापूसच्या संकरातली आणि सिंधू पुन्हा रत्ना आणि हापूसच्या. तोवर टॅग हीच त्या झाडाची ओळख.

आता फसवणूक नेमकी कुठे झाली ते बघू. विक्रेत्याने आधी नमुना पाठवला होता आणि तो खरंच चांगला होता: हाताएवढा चौकोन, पांढरा, मॅट, ओढून फाटत नव्हता, रात्रभर बादलीत ठेवूनही काही झालं नाही. तो खरा पॉलिस्टर होता. माल आला तो वेगळा. १३० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम भरणारा आर्ट पेपर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गरम रोलरने चिकटवलेली सुमारे २७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बीओपीपी फिल्म, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. लग्नपत्रिकेवर, पुस्तकाच्या कव्हरवर असते तीच. हात लावून फरक कळत नाही. ओढून तर मुळीच कळत नाही, कारण बीओपीपीही कड अखंड असेपर्यंत फाटत नाही. दुकानात टॅग दोन्ही हातांनी ओढून दाखवतात ना, त्या प्रयोगाला काडीची किंमत नाही. कात्रीने बारीक खाच मारा आणि मग ओढा. खाच मारल्यावर पॉलिस्टरही फाटतो, पण आपल्याला फाटलेली कड बघायची आहे. भिंगाखाली कडेला रुईसारखे तंतू दिसले तर आत कागद आहे. पॉलिस्टरची कड काचेसारखी स्वच्छ असते.

लॅमिनेटेड कागद पाण्यात टिकतच नाही असं नाही. ओळखपत्राला पाऊचमध्ये घालताना कागदाच्या बाहेर चारही बाजूंना तीनेक मिलिमीटर फिल्म सोडतात, ती एकमेकीला चिकटते आणि कागद आत बंद होतो. पाणी फिल्ममधून शिरत नाही, शिरतं ते कडेतून. रोलमधल्या टॅगला अशी बंद कड नसतेच. आधी अख्खा रोल लॅमिनेट होतो, मग त्यावर डाय, म्हणजे कापायचा साचा, पडते. म्हणजे चारही कडा उघड्या, परफोरेशनचा प्रत्येक दात उघडा आणि भोकाचा परीघही उघडा. कलमाला बांधलेल्या टॅगचं भोक वर असतं. दोऱ्यावरून ओघळणारं पावसाचं पाणी थेट तिथेच उतरतं. फिल्मचा गोंद सुटत नाही, ओला झालेला कागदच मधून दुभंगतो. म्हणून तंतू दोन्ही पापुद्र्यांना दिसतात. ‘लॅमिनेशन चांगलं होतं, तुम्ही नीट वापरलं नाही’ असं विक्रेता म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवा. लॅमिनेशन चांगलंच होतं, खोट आतल्या कागदात होती.

ज्यांना लॅमिनेटेड कागदच वापरायचा आहे त्यांनी कागदाला आधी ८ मिलिमीटरचं भोक पाडावं, मग पाऊच लॅमिनेट करावा आणि त्याच जागी मधोमध ४ मिलिमीटरचं भोक पाडावं. भोकाभोवती फिल्मची दोन मिलिमीटरची कडी राहते आणि पाणी कागदापर्यंत पोचत नाही. पितळी आयलेट ठोकून हे काम होत नाही, तिच्याखालून पाणी झिरपतंच.

आता तो ‘१८०’. कसले १८०? मायक्रॉन, जीएसएम की गेज? प्लास्टिकच्या बाजारात १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. म्हणजे १८० गेज फक्त ४५ मायक्रॉन. १८० जीएसएम म्हणाल तर आलेला माल बरोबर तेवढाच भरत होता: १३० चा कागद आणि दोन फिल्मचे मिळून पन्नासेक. तक्रार केल्यावर विक्रेत्याने नेमकं हेच पुढे केलं, ‘आम्ही १८० जीएसएम दिलंय’. एकक न लिहिलेला आकडा हा सौद्यात ठेवलेला चोरदरवाजा असतो.

हे पकडायला मायक्रोमीटरही लागत नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. पॉलिस्टरची घनता १.४ च्या आसपास, त्यामुळे १८० मायक्रॉनचा साधा पांढरा पॉलिस्टर चौरस मीटरला २५० ग्रॅम भरतो. ७५ × ४० चा टॅग म्हणजे ३० चौरस सेंटिमीटर. असे १०० टॅग काट्यावर ७५ ग्रॅम भरायला हवेत. आले ते भरले ५४. गंमत म्हणजे काटाही लागला नसता. ६,००० टॅग खरे असते तर नुसत्या टॅगचंच वजन साडेचार किलो झालं असतं. कुरिअरच्या पावतीवर खोकं, पुठ्ठ्याची नळी आणि रिबन धरून वजन होतं ४ किलो. पावती पहिल्या दिवसापासून फाईलमध्ये होती.

पाण्यात टाकून बघायची परीक्षा बरेच लोक सांगतात: बुडला तर पॉलिस्टर, तरंगला तर पीपी (पॉलिप्रॉपिलीन). हे फिल्मपुरतं खरं आहे, कारण पीपीची घनता ०.९ आणि पॉलिस्टरची १.४. पण लॅमिनेटेड कागदही बुडतो, पीव्हीसीही बुडतो. तरंगला तर पॉलिस्टर नाही एवढंच त्यातून कळतं. त्यापेक्षा टॅग मधून कापा, म्हणजे ताजी कड मिळेल. वाटीत कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि थोडी निळी शाई घेऊन तुकडा रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पुसून बघा. कागद असेल तर कडेपासून आत सरकलेली निळी झालर दिसते, भोकाभोवती निळं वलय दिसतं. पॉलिस्टर कोरा निघतो. विक्रेत्याचा नमुना बादलीत घालून बघितला होता, पण आलेला माल कोणी पाण्यात घातलाच नाही.

जाळूनही कळतं. बाहेर, चिमट्यात धरून. कागदाची राख होते आणि ती बोटाने चुरडते. पॉलिस्टर वितळून काळा धूर देत थेंब गाळतो. पीपीला विझवलेल्या मेणबत्तीचा वास येतो. पीव्हीसी ज्योत काढली की विझतो आणि त्याचा धूर नाकाला झोंबतो, तो हुंगत बसू नका.

छपाई गेली त्याचं कारण वेगळं आणि त्यात रिबनची दुसरी फसवणूक दडलेली होती. थर्मल ट्रान्स्फरच्या रिबन तीन प्रकारच्या: वॅक्स, वॅक्स-रेझिन आणि रेझिन. वॅक्स कागदासाठी, रेझिन पॉलिस्टरसाठी. रेझिनला उष्णता जास्त आणि वेग कमी लागतो. इथे खोक्यावर रेझिन लिहिलं होतं, पण कमी उष्णतेत आणि भरधाव वेगातही छपाई गडद येत होती. तिथेच शंका यायला हवी होती. छापलेल्या अक्षरांवर सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा दहा-पंधरा वेळा दाबून घासा. वॅक्स लगेच फरफटतं, खरं रेझिन जागेवर राहतं. मग सेलोटेप घट्ट चिकटवून झटक्यात ओढा. टेपवर अक्षरं आली तर तो टॅग रोपवाटिकेत चालणार नाही. बोर्डो मिश्रणाची एक फवारणी आणि बांधताना लागलेली मातीची बोटं पुरेशी होतात.

त्यात बीओपीपीचा पृष्ठभाग मुळातच शाई धरत नाही. छपाईयोग्य करायला त्यावर कोरोना ट्रीटमेंट (पृष्ठभागावरची विजेची प्रक्रिया) करतात आणि तिचा असर साठवणुकीत उतरत जातो. कव्हरसाठीची स्वस्त फिल्म बाहेरून ट्रीट केलेली असेलच असं नाही. प्रिंटरचा डार्कनेस, म्हणजे छपाईची उष्णता, वाढवून बघितला तर फिल्म आकसून सुरकुत्या पडतात. लेझर प्रिंटरमध्ये तर असला टॅग घालूच नका. तिथला फ्यूझर (शाई पक्की करणारा तापलेला रोलर) बीओपीपीच्या वितळणबिंदूच्या, म्हणजे १६० ते १६५ अंशांच्या, वर तापतो. फिल्म रोलरला गुंडाळली की टॅगपेक्षा दुरुस्तीचं बिल मोठं येतं.

रिबनची लांबीही मोजता येते. ४० मिलिमीटरचा एक टॅग तेवढीच रिबन खातो. ३०० मीटरमध्ये ७,५०० टॅग व्हायला हवेत, सुरुवातीची आणि जुळवाजुळवीतली नासाडी धरून ७,००० तरी. इथे ६,००० पूर्ण व्हायच्या आत रिबन संपून नळी दिसली.

बिलाकडेही आधी कोणी पाहिलं नव्हतं. त्यावर एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक) ४८२१ होता, म्हणजे कागदाची किंवा पुठ्ठ्याची लेबलं. प्लास्टिकचा माल ३९ ने सुरू होणाऱ्या कोडमध्ये येतो. काही छपाईवाले सगळ्यालाच ४८२१ लावून मोकळे होतात, त्यामुळे एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. पण फोन उचलून ‘बिलात कागद का?’ असं विचारायला ते पुरेसं होतं.

कायदा खरेदीदाराच्या बाजूचा आहे, वेळेत हललात तर. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे आणि कलम १७ प्रमाणे नमुन्यावरून विकलेला माल नमुन्याशी. पण कलम ४२ म्हणतं, वाजवी मुदतीत नाकारल्याचं कळवलं नाही तर माल स्वीकारला असं धरतात. जूनमध्ये आलेल्या मालाची तक्रार सप्टेंबरात, तीही सगळे टॅग छापून, बांधून झाल्यावर. विक्रेता हसला नसता तरच नवल. ग्राहक आयोगाचा रस्ताही सरळ नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेला माल ग्राहकाच्या व्याख्येबाहेर आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतला असेल तर अपवाद, आणि ते दाखवून द्यावं लागतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारून बघायला हरकत नाही.

ऑर्डरचं वाक्य असं हवं होतं: ‘पांढरा मॅट पॉलिस्टर, आत कागद नाही, जाडी १८० मायक्रॉन, १०० टॅगचं वजन ७५ ग्रॅमच्या आसपास, पूर्ण रेझिन रिबन ३०० मीटर, शिल्लक रक्कम माल तपासल्यावर सात दिवसांत.’ नमुन्याचे दोन तुकडे करून, दोघांच्या सह्या घालून एकेक जपायचा. खोकं आल्या दिवशी रोलच्या सुरुवातीचे नव्हे, आतले दहा टॅग काढून तपासायचे, कारण वरचे दोन-तीन वेढे चांगल्या मालाचे लावल्याचीही उदाहरणं आहेत. बाकी रोल सीलबंद ठेवायचे.

रोपवाटिकेत वाफ्यांची वही होती म्हणून बरीचशी कलमं ओळखता आली. शेवटच्या दोन वाफ्यांत मात्र विक्रीच्या गडबडीत हापूस आणि रत्ना मिसळले होते. ती कलमं ‘कलमी आंबा, जात निश्चित नाही’ अशी पाटी लावून कमी भावात काढली. त्या पाट्या मॅट पॉलिस्टरच्या नमुन्याच्या उरलेल्या तुकड्यातून कापल्या आणि त्यांवर ६बी पेन्सिलने लिहिलं. पेन्सिलीतलं ग्राफाइट उन्हाने उडत नाही आणि पावसाने उतरत नाही.