घरी येणारे फिजिओ, आर्वी तालुका: बाबांच्या ठेच्यामुळे कळलेलं

बाबांना मेंदूचा झटका येऊन गेला, त्यानंतरची गोष्ट. जेवताना रोज एकच कुरकुर, "ठेचा कायले नाही वाढला मले?" ठेचा ताटात डावीकडे तसाच पडलेला. आम्ही नजर गेली समजून चष्म्याच्या दुकानात नेलं. २२०० रुपयांचा चष्मा आला, ठेचा तिथंच.

हे फिजिओ आले तेव्हा त्यांनी आधी पोरीच्या वहीत आडव्या रेघा ओढल्या. "बाबाजी, मधोमध खूण करा." बाबांची प्रत्येक खूण पार उजवीकडे! डोळे शाबूत आहेत. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसलाय, म्हणून डाव्या बाजूकडं लक्षच जात नाही, असं त्यांनी समजावलं. मग पेन्सिल माझ्या हाती. माझी खूण जराशी डावीकडे गेली. म्हणे धडधाकट माणसांचं सरासरी असंच होतं, याला १९८० पासून 'स्यूडोनिग्लेक्ट' असं नाव आहे. चाळीस वर्षं शेतात नांगराचं तास सरळ काढतोय अशी माझी समजूत होती, असो.

उपाय साधे: ताटाच्या डाव्या कडेला लाल फडकं, बोलणाऱ्यानं डावीकडून बोलायचं, जेवताना ताट फिरवायचं. दोन महिन्यांत बाबा फडकं शोधून ठेचा घेतात. दाढी मात्र अजून अर्धीच होते.

एका खेपेचे ४०० रुपये, आमच्यासारख्याला जडच. वेळेचं तर विचारूच नका, दहा म्हटलं की बारा. तरी चार तारे. पाचवा दाढी पूर्ण झाली की देतो.