फझ पेडलचे किट, काही महिन्यांच्या वापरानंतर: सर्किट उत्तम, स्विच कच्चा

गिटारचा आवाज मुद्दाम भरड, खरखरीत करणारे फझ पेडल स्वतः जोडण्यासाठी मागवलेल्या किटबद्दल सविस्तर लिहायचे माझ्या मनात होतेच. परंतु अलीकडे त्याचा पायाने दाबायचा स्विच निकामी झाला आणि त्यावरून विक्रेत्याशी जो पत्रव्यवहार झाला, त्यानंतर हे लिहिणे मला आवश्यक वाटू लागले. नाशिकमध्ये पेडल जोडायला सुरुवात करू पाहणाऱ्या वाचकाने किट घेण्यापूर्वी त्या एका स्विचकडे नीट पाहावे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

हे किट आर्बिटर कंपनीने १९६६ साली बाजारात आणलेल्या फझ फेस या पेडलच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या आवृत्तीवर बेतलेले आहे. मूळ सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (फिरवून कमी-जास्त करायचे भाग) एवढेच भाग असतात. किटमध्ये त्यांच्या जोडीला एलईडी दिवा, उलट्या जोडणीपासून संरक्षण देणारा डायोड आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास दाब आणण्यासाठी एक ट्रिमपॉट, म्हणजे एकदाच जुळवून ठेवायचा छोटा पॉट, दिलेला आहे. आवाजाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की फझ निवळतो आणि पुन्हा वाढवला की भरून येतो, हा या सर्किटचा खरा गुण इथे पुरेपूर उतरला आहे.

बिघाड असा झाला की स्विच दाबल्यावर दिवा लागायचा, परंतु आवाज मात्र पूर्ण बंद व्हायचा. पुन्हा दाबला की साधी गिटार व्यवस्थित ऐकू यायची. विक्रेत्याचे उत्तर आले की दिवा लागतो आहे, म्हणजे स्विच ठीक आहे, तेव्हा दोष तुमच्या बोर्डाच्या जोडणीत असणार. हे उत्तर मला मुळीच पटले नाही. पेडलचा हा स्विच थ्रीपीडीटी प्रकारचा असतो आणि त्यात एकाच खटक्याने हलणारे तीन स्वतंत्र मार्ग असतात: एक गिटारकडून येणाऱ्या आवाजासाठी, दुसरा अँपकडे जाणाऱ्या आवाजासाठी आणि तिसरा केवळ दिव्यासाठी. दिव्याचा मार्ग शाबूत राहून आवाजाचा मार्ग तुटू शकतो, किंबहुना तीन मार्ग ठेवण्याचा तो अटळ परिणाम आहे. पेडलचे सुटे भाग विकणाऱ्याला एवढे ठाऊक नसावे, याचा मला अजूनही राग येतो.

शोध घेण्यासाठी मी ऑडिओ प्रोब, म्हणजे आवाज सर्किटमध्ये कुठपर्यंत पोचतो ते ऐकण्याची तार, तयार केला. त्यासाठी जुन्या केबलच्या मधल्या तारेच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर जोडायचा, केबलची जाळी क्रोकोडाइल क्लिपने पेडलच्या ग्राउंडला लावायची आणि दुसरे टोक अँपमध्ये घालून, गिटार वाजत असताना सर्किटच्या एकेका बिंदूला कपॅसिटर टेकवत जायचे. बोर्डातून बाहेर पडणाऱ्या तारेवर फझ खणखणीत होता, स्विचच्या कडेच्या पायावरही (तार जोडायच्या धातूच्या टोकावरही) होता आणि त्याला लागून असलेल्या मधल्या पायावर मात्र पूर्ण शांतता होती. ते दोन पाय क्लिपने जोडताच आवाज परत आला. बोर्ड निर्दोष असल्याचा याहून स्पष्ट पुरावा काय द्यायचा?

ही माहिती छायाचित्रांसह पाठवल्यावर विक्रेत्याने भूमिका बदलली आणि सोल्डरिंग करताना स्विच अतिउष्ण झाला असेल, असे कळवले. असे होऊ शकते, हे मी नाकारत नाही. पाय जास्त वेळ तापला तर भोवतालचे प्लॅस्टिक मऊ होते, पाय तिरका होतो आणि आतले ग्रीस वितळून संपर्काच्या जागी पसरते. म्हणून मी तो स्विच उघडून पाहिला. नऊही पाय सरळ होते आणि प्लॅस्टिक कुठेही वितळलेले नव्हते. मात्र मधल्या पायावर झुलणारी धातूची पट्टी ज्या टोकाने कडेच्या पायाला टेकते, तिथला मुलामा निघून टोक काळवंडले होते. हा दोष उष्णतेचा नसून हलक्या प्रतीच्या धातूचा आहे, असे माझे ठाम मत आहे. अखेर त्यांनी नवा स्विच पाठवला, परंतु तोही त्याच प्रतीचा होता.

इथपर्यंत मी हे किट कोणीही घेऊ नये, असे लिहिणार होतो. परंतु प्रोब लावून प्रत्येक बिंदू तपासताना सर्किटचा नकाशा किती नेटका छापला आहे आणि त्यावर ठिकठिकाणी अपेक्षित व्होल्टेज दिल्याने नवशिक्याला केवढा आधार मिळतो, हे माझ्या लक्षात आले आणि माझे मत बदलले. सिलिकॉन ट्रान्झिस्टरबद्दलही तसेच झाले. मूळ पेडलमधले एनकेटी २७५ हे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते, त्यामुळे सिलिकॉनचे बीसी १०८ म्हणजे तडजोड, असे मला सुरुवातीला वाटत होते. माझ्या एका मित्राकडे जर्मेनियमचे पेडल आहे. निफाडकडे पारा उतरतो त्या दिवसांत त्याचा आवाज अप्रतिम लागतो. परंतु एप्रिलच्या दुपारी तोच आवाज तुटक आणि बारीक होतो, कारण जर्मेनियममधील गळतीचा प्रवाह साधारणपणे दर १० अंशांना दुप्पट होतो आणि त्यामुळे बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरसाठी जुळवून ठेवलेला दाब, सरकतो. शिवाय त्याचे पेडल मुळाबरहुकूम पीएनपी ट्रान्झिस्टरचे, म्हणजे पॉझिटिव्ह ग्राउंडचे (बॅटरीचे धन टोक ग्राउंडला जोडलेले) असल्याने ते इतर पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरवर जोडता येत नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात वाजवायचे असेल, तर मी आता सिलिकॉनच घ्यायला सांगेन.

सुट्या भागांचे म्हणाल, तर रेझिस्टर, कपॅसिटर, बीसी ५४७ सारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर आणि २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न महात्मा गांधी रस्त्याच्या परिसरात मिळून जाते. थ्रीपीडीटी स्विच आणि ॲल्युमिनियमची ओतीव पेटी मात्र मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणावी किंवा ऑनलाइन मागवावी लागते. चांगल्या आणि हलक्या स्विचच्या किमतीतला फरक पूर्ण किटच्या किमतीपुढे नगण्य असताना विक्रेत्याने नेमकी तिथेच काटकसर करावी, हे मला अक्षम्य वाटते. मी स्वतः पैसे जपून वापरणारा माणूस आहे. रेझिस्टर स्वस्तातला घेतला तर आवाजात फरक पडत नाही, पण पेडलमध्ये शरीराचा भार सोसणारा भाग एकच आहे आणि तो स्विच आहे.

मी आता वेगळ्या बनावटीचा, दाबायला थोडा जड स्विच बसवला आहे. त्यासाठी पेटीला लागणारे १२ मिलिमीटरचे छिद्र तेच राहिले. सोल्डर कथील-शिशाच्या ६३/३७ प्रमाणाचे वापरावे. ते १८३ अंशांना वितळते आणि थंड होताना मधल्या लिबलिबीत अवस्थेत न राहता लगेच घट्ट होते. तारेला आधी सोल्डर चढवून घ्यावे, प्रत्येक पायाला दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ आयर्न टेकवू नये आणि शेजारचा पाय लगेच न घेता दूरचा घ्यावा, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही.

त्याआधी, स्विच हातात आल्याबरोबर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून तिन्ही मार्ग तपासावेत. मधला पाय एका खटक्याला एका कडेच्या पायाशी आणि पुढच्या खटक्याला विरुद्ध कडेच्या पायाशी जोडला गेला पाहिजे. स्विच सलग पुष्कळ वेळा दाबून पाहावा आणि एकदा जरी बीप तुटक आली, तरी तो तसाच परत पाठवावा, कारण सोल्डर लागलेला स्विच परत घेताना विक्रेता दोष जोडणाऱ्याच्या हातावरच टाकतो.