अण्णांच्या कॉन्टेसाचं इंजिन बदललं गेलं आणि मला चार वर्षं कळलं नाही

आरटीओच्या आवारात निरीक्षकांनी बोनेटखाली वाकून इंजिनाच्या ब्लॉकवरची धूळ चिंधीनं पुसली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि मला जवळ बोलावलं. "हे आकडे बघा," ते म्हणाले. "कंपनी नंबर मारते तेव्हा सगळे आकडे एका ओळीत आणि एका खोलीचे असतात. यातला 4 खाली सरकलाय, 7 तिरका पडलाय. आणि आजूबाजूला ग्राइंडर फिरवलेला दिसतोय का?"

दिसत होता. चंदेरी रंगाखाली बारीक गोल ओरखडे होते. आरसी बुकातला नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर तंतोतंत जुळत होता, पण तो कुणीतरी हातानं हातोडी मारून उठवलेला होता. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गाडीचं इंजिन कुणा दुसऱ्याच्या गाडीत गेलं होतं, आणि आमच्या गाडीत कुठल्या गाडीचं होतं ते देवालाच ठाऊक. ही गोष्ट ऑगस्ट 2022 ची. सहा वर्षं मी त्या गाडीमागे होतो. आरसीचं नूतनीकरण हे शेवटचं काम राहिलंय, असं समजून पाच हजारांची फी भरून गेलो होतो.

जुनी गाडी घरी उभी करून हळूहळू दुरुस्त करणाऱ्यांची संख्या आता मराठवाड्यातही वाढते आहे. माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी 1994 ची कॉन्टेसा क्लासिक. हिंदुस्थान मोटर्सनं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्स गाडीचे साचे आणून 1984 मध्ये कॉन्टेसा काढली. सुरुवातीला तिला अँबेसेडरचंच 1489 सीसीचं इंजिन होतं, त्यामुळे एवढ्या मोठ्या गाडीला ते पुरायचं नाही. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा ती खरी पळायला लागली. लांब बोनेट, रुंद जाळी, ताकद मागच्या चाकांना. म्हणून लोक तिला देशी मसल कार म्हणतात. अमेरिकेतल्या मसल कारमध्ये आठ सिलिंडरचं इंजिन असतं, आपल्या कॉन्टेसात चारच. पण जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, 1994 साली ती उभी राहिली की हमालसुद्धा पोतं खाली ठेवून बघायचे. 2002 मध्ये ती बंद झाली. पेट्रोल परवडत नाही म्हणून पुष्कळांनी डिझेल इंजिनं बसवून घेतली. म्हणजे मूळ 1.8 पेट्रोल इंजिन शाबूत असलेली गाडी कमी, आणि ते इंजिन शोधणारे शौकीन जास्त. चोरीचं कारण यातच आहे. मला ते तेव्हा उमगलं नाही, कारण माझ्यासाठी ती फक्त अण्णांची गाडी होती.

अण्णा 2015 मध्ये गेले. गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली होती. आमच्या काळ्या मातीतल्या अंगणात फरशी पावसाळ्यात वर येते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खालची ओल धरून गाडीचा तळाचा पत्रा सडला होता. 2016 च्या दिवाळीत आईला म्हणालो, गाडी पुन्हा रस्त्यावर आणतो. माझं बी-बियाणांचं दुकान आहे. हंगाम संपला की हातात पैसा येतो, तेवढाच गाडीला लावायचा असं ठरवलं.

अण्णांच्या वेळचे आमचे टर्नर चाचा जुन्या जालन्यात आहेत. त्यांच्याकडे तेव्हा तीन-तीन महिने नंबर लागत नव्हता. तेवढ्यात एका ओळखीच्यानं एका मेकॅनिकचं नाव सुचवलं, ज्यानं पुढे मला फसवलं. जुन्या गाड्या करतो, घरी येऊन काम करतो. तो आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, ही गाडी नाही, ही अमानत आहे." आई दारात उभी होती, तिचे डोळे भरून आले. तिथून पुढे पाच वर्षं तो दर रविवारी यायचा, आमच्याकडे जेवायचा, मुलांना पाना धरायला शिकवायचा.

त्यानं एकदम मोठी रक्कम कधीच मागितली नाही. आठ हजार, बारा हजार, एकदाच पंचवीस. तळाच्या पत्र्याचे एवढे, रबरांचे एवढे, क्रोमचे एवढे. सगळं रोखीत. नंतर माझ्या डायरीतून जमवून बघितलं तर चार लाख दहा हजार भरले. दोन हप्त्यांमध्ये कधी दोन महिने जायचे, कधी पाच. अशा कामात मागच्या वेळी काय ठरलं होतं ते पुढच्या वेळेपर्यंत पुसट होतं. काम लांबणं हा अशा गाडीचा स्वभावच आहे, म्हणून उशिराबद्दल शंका येत नाही. या माणसानं नेमक्या त्याच गोष्टीचा आसरा घेतला. माझ्या दुकानात शेतकऱ्याला बियाणाची एक पिशवी दिली तरी मी बिलावर लॉट नंबर लिहितो. त्याच्याकडून मात्र पाच वर्षांत एक चिठ्ठीही घेतली नाही.

मे 2018 मध्ये इंजिन उतरवलं. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगला औरंगाबादच्या मोठ्या मशीनशॉपला न्यावं लागेल, असं त्यानं सांगितलं. टेम्पोत इंजिन चढवताना मीही हात लावला. सात आठवड्यांनी ते परत आलं ते नवरीसारखं नटून. ब्लॉकला चंदेरी रंग, बोल्ट नवे, गास्केट नवं. पंचवीस वर्षांचं तेल आणि काजळी गेल्यावर ओळखीची अशी एकही खूण उरत नाही. मी ते बघून खूश झालो, बेसन लाडू वाटले.

गाडी सुरू झाल्यावर ती तापायला लागली. अंबड रोडला दहा किलोमीटर गेलो की काटा वर. तो म्हणायचा, "नवीन रिंगा आहेत भाऊ, हजार किलोमीटर कडकच चालणार." नवीन बोअरिंगनंतर इंजिन सुरुवातीला थोडं आवळून चालतं हे खरंच आहे, म्हणून माझा विश्वास बसला.

आरटीओतून आलो त्याच संध्याकाळी चाचांना घरी बोलावलं. त्यांनी चष्मा लावला आणि नंबरकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांच्या) बाजूला हात घातला, मागचा शेवटचा स्टड, म्हणजे आट्याचा खिळा, चाचपला आणि मान हलवली. "बेटा, हे अण्णांचं इंजिन नाही. 2003 साली त्या स्टडचा आटा गेला होता. मी स्वतः भोक मोठं करून जाड आटा पाडला होता. हा तर मापाचाच आहे." मग स्क्रू ड्रायव्हरनं ब्लॉकच्या बाजूचा रंग खरवडला. आत पिवळी रेघ निघाली. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्लॉकला तडा गेलेला होता आणि तो पितळेनं भरलेला होता. थंड असताना धरून ठेवतो, तापला की पाणी सोडतो. गाडी का तापत होती ते चार वर्षांनी कळलं.

मग मी रात्रभर गाडी तपासली. फ्रिजवरचं लोहचुंबक घेतलं आणि कडेकडेनं फिरवलं. छतावर, बोनेटवर कडक चिकटलं. डाव्या दाराच्या खाली नेलं तर हातातून निसटून फरशीवर पडलं. तिथं पत्राच नव्हता. दुसऱ्या दिवशी डेंटरकडून ती जागा फोडून घेतली. वर लांबीचा (पुटीचा) अर्धा इंच जाड थर, त्याखाली फायबरची जाळी, आणि जाळीमागे पोकळी भरायला घड्या घालून कोंबलेलं मराठी वर्तमानपत्र. कागद ओलसर होता, पण तारीख वाचता येत होती, फेब्रुवारी 2018. त्याच महिन्यात नव्या अठरा गेजच्या पत्र्याचे एकोणीस हजार मी त्याला दिल्याची नोंद डायरीत आहे. पत्रा कापून बसवल्याचे फोटोही त्यानं मोबाइलवर पाठवले होते. आता नीट बघितले तर त्या फोटोतल्या गाडीच्या दाराचा रंगच वेगळा आहे.

बंपरचंही तसंच. अण्णांच्या काळात मोंढ्यात बैलगाडीचं जू लागून पुढच्या बंपरला डावीकडे खड्डा पडला होता. क्रोम होऊन आला तेव्हा खड्डा नव्हता. वाटलं, किती सफाईनं काढला. ठोकून सरळ केलेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूला हातोडीच्या खुणा राहतात. मी हात आत घालून बघितला, सगळं गुळगुळीत. बंपर दुसराच होता, पत्राही हलका. मूळ बंपर खड्ड्यासकट चांगल्या किमतीला गेला असणार.

पैशांइतकीच चीड मला व्हीए नंबरच्या प्रकाराची येते, कारण तिथं त्यानं सरकारी नियमाचं नाव वापरलं. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नोंदणीची फी वीस हजार. तो बातमी घेऊनच आला आणि "आपली गाडी विंटेजमध्ये टाकू" म्हणून पस्तीस हजार घेऊन गेला. नियमात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण हवीत असं स्पष्ट आहे. 1994 ची गाडी 2044 मध्ये पात्र होईल. नियम वाचायला दहा मिनिटं लागली असती. तुमच्याकडे कॉन्टेसा, प्रीमियर 118, जुनी जिप्सी असेल आणि कुणी व्हीए नंबरचे पैसे मागत असेल, तर देऊ नका. तुमच्या गाडीला अजून कितीतरी वर्षं साधं नूतनीकरणच लागणार आहे.

त्याला फोन केला तर आधी उचलला, "भाऊ, मशीनशॉपवाल्यांनी अदलाबदल केली असेल" म्हणाला, आणि मशीनशॉपचं नाव विचारल्यावर फोन बंद. आमच्यातल्या चार जाणत्या माणसांसमोर एकदा बसला, साठ हजार परत दिले, इंजिनाबद्दल कानावर हात ठेवले.

पोलिसांत गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, पावती कुठंय? दुसरा, इंजिन नेताना नंबर लिहून घेतला होता का? दोन्हीला उत्तर नव्हतं. उलट खोडलेल्या नंबरचा ब्लॉक माझ्या गाडीत होता, म्हणजे जाब मलाच द्यावा लागला. अण्णांचं मूळ बिल, जुने विम्याचे कागद आणि शाबूत चेसिस नंबर होता म्हणून निभावलं. ब्लॉक पंचनामा करून जप्त झाला. घासलेला नंबर ॲसिड लावून पुन्हा उमटवता येतो, तशी तपासणी व्हायची आहे. ज्याच्या गाडीचा तो ब्लॉक असेल, त्याचंही घर माझ्यासारखंच फसलेलं असू शकतं, हे मनातून जात नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, आणि पुष्कळांना तो माहीत नसतो. काम करणारा परगावचा असला तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. मी "तो देईल, तो देईल" करत सव्वा वर्ष घालवलं आणि मग धावतपळत अर्ज केला. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोललो असतो तर लवकर शहाणा झालो असतो.

आता शेडमध्ये गाडी इंजिनाशिवाय उभी आहे. डावी बाजू उघडी करून खरा पत्रा बसवतोय. या वेळी प्रत्येक तुकडा रंग लागण्याआधी उघडा बघतो, चुंबक खिशातच असतं. चेसिस नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतलाय, तो अण्णांच्या डायरीत चिकटवलाय. गिअरबॉक्स चाचांकडे गेला तेव्हा त्यांनी स्वतःहून केसिंगवर माझ्यादेखत पंचनं तीन ठिपके मारले आणि म्हणाले, "परत आणशील तेव्हा हे मोज."

आणि एक विनंती. गेल्या काही वर्षांत कुणी कॉन्टेसासाठी इसुझूचं 1.8 पेट्रोल इंजिन सुटं विकत घेतलं असेल, तर मॅनिफोल्डच्या बाजूचा मागून पहिला स्टड बघा. तो बाकीच्यांपेक्षा जाड असेल, आणि त्याभोवती भोक मोठं केल्याची गोल कड दिसत असेल, तर नंबरही तपासा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा. ते इंजिन 1994 पासून जालन्याच्या रस्त्यावर चाललेलं आहे.