ऑनलाइन ईएमआय कॅल्क्युलेटर: हप्ता अचूक, घराचा हिशोब अर्धाच

घर घ्यायचं ठरलं की बहुतेकजण आधी उघडतात ते ईएमआय कॅल्क्युलेटर. रक्कम, दर आणि मुदत यांच्या तीन सरकपट्ट्या, खाली हप्ता आणि शेजारी मुद्दल-व्याजाचं रंगीत वर्तुळ. सूत्र एकच असल्यामुळे आकडाही सगळीकडे तोच येतो. १ लाख कर्ज, ८.५ टक्के दर आणि २० वर्षं मुदत टाकली तर हप्ता ८६८. त्यामुळे कुणाचं कॅल्क्युलेटर चांगलं, यात वेळ घालवू नका. ते काय दाखवत नाही, हे बघणं जास्त गरजेचं आहे.

सगळ्यात फसवी ती मुदतीची पट्टी. हप्ता जड वाटला की बोट आपोआप तिच्याकडे जातं. २० ची ३० वर्षं केली की हप्ता ८६८ वरून ७६९ वर येतो, म्हणजे जेमतेम ११ टक्के दिलासा. व्याज मात्र लाखामागे १ लाख ८ हजारांवरून १ लाख ७७ हजारांवर जातं. वर्तुळातला व्याजाचा रंग तेवढा पसरतो खरा, पण तेव्हा नजर हप्त्याच्या ठळक आकड्यावरच असते.

दुसरी उणीव म्हणजे दर २० वर्षं हलणारच नाही असं धरलेलं असतं. बदलत्या दराचं कर्ज असेल तर दर वाढल्यावर बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते. कर्जाच्या सुरुवातीलाच ८.५ चे ९.५ टक्के झाले आणि हप्ता ८६८ च राहिला, तर २४० हप्त्यांचे जवळपास ३०९ होतात. म्हणजे पावणेसहा वर्षं जास्त! साध्या कॅल्क्युलेटरला हे विचारायची सोयच नसते.

परतफेडीचा तक्ता बहुतेक ठिकाणी मिळतो, पण वर्षवार. तो महिनावार उघडता आला तर पहिली ओळ नीट वाचा: ८६८ पैकी ७०८ व्याज, मुद्दल फक्त १६०. या कर्जाचं निम्मं मुद्दल फिटायला १३ वर्षं १० महिने लागतात. पाच-सात वर्षांत घर विकून मोठं घ्यायचा बेत असेल, तर हिशोब या तक्त्यावरून करा, वर्तुळावरून नको.

‘तुम्हाला किती कर्ज मिळेल’ सांगणाऱ्या पात्रता कॅल्क्युलेटरला तर आम्ही नापासच करू. ते देणाऱ्याच्या सोयीची कमाल मर्यादा सांगतं. त्यात एकूण पगार टाकला की आकडा फुगतो, म्हणून निदान हातात येणारा पगार टाका. वर्षातून एकदा येणारे विमा, शाळेची फी, गाडीची दुरुस्ती असे खर्च बेरीज करून १२ ने भागा आणि तेही वजा करा. घरखर्चाच्या अंदाजातून हेच सुटतात आणि मग त्या महिन्यात हप्ता अडतो.

एवढं सगळं करायचं तर स्प्रेडशीट बरी. हप्ता काढणाऱ्या पीएमटी (PMT) या फंक्शनमध्ये दर १२ ने भागून आणि मुदत महिन्यांत द्यायची: ८.५%/१२, २४०, -१०००००. उणे चिन्ह विसरलं तर हप्ता उणे दिसतो, त्याने बिघडत काही नाही. पण १२ ने भागायचं राहिलं तर हप्ता थेट ८,५०० दिसतो. दर बदलल्यावर किती हप्ते उरतील हे एनपीईआर (NPER) हे फंक्शन सांगतं. तिथे उत्तर उणे आलं, तर चिन्हं तपासा: हप्ता उणे, कर्ज अधिक. चिन्हं बरोबर असूनही उत्तराऐवजी चूक दाखवली तर हप्त्यातून व्याजही भागत नाहीये, ते कर्ज कधीच फिटणार नाही. ठरावीक काळातलं व्याज क्यूमआयपीएमटी (CUMIPMT) काढून देतं. त्यात शेवटचा ० (हप्ता महिन्याच्या अखेरीस, असं सांगणारा) टाकावाच लागतो. दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर हेच कर्ज सुमारे ४० महिने आधी संपतं, हेही शीटमध्ये लगेच दिसतं.

शीटमध्येच दुसरं पान करा: स्वतःची भरायची रक्कम, नोंदणी आणि कर, कर्जाची प्रक्रिया फी, फर्निचर, सामान हलवणं. कॅल्क्युलेटरच्या हिशोबात यातलं काहीच नसतं. हे सगळं भागवून सहा महिन्यांचा घरखर्च, नव्या हप्त्यासकट, शिल्लक राहायला हवा. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर ताबा मिळेपर्यंत भाडं आणि उचललेल्या रकमेवरचं व्याज एकाच वेळी जातं; त्याला वेगळी ओळ द्या.

हप्त्याचा आकडा निघाला की त्यातून सध्याचं भाडं वजा करा आणि उरलेली रक्कम पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. असं सहा महिने करा, आणि त्यात फी किंवा विम्याचा एक तरी महिना येऊ द्या. त्या महिन्यात खात्याला हात लावावा लागला, तर कर्जाची रक्कम खाली आणा, मुदत वाढवू नका.