इलेक्ट्रिक की पेट्रोल: ऑइल, कूलंट आणि सर्व्हिसचा खरा हिशेब

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनात आलं की ओळखीचं कुणीतरी सांगतंच, "घे बिनधास्त, तिला मेंटेनन्सच नसतो." आमच्याकडे रत्नागिरीला पेट्रोल आणि इलेक्ट्रिक दोन्ही दारात उभ्या असतात, म्हणून सांगते, हे अर्धंच खरं आहे.

खरा अर्धा भाग मोठा आहे. पेट्रोल गाडीत साधारण दर 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाने इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा. पुढे एअर फिल्टर, स्पार्क प्लग, पट्टा आणि ट्रॅफिकमध्ये पाय अर्धवट दाबून चालवलीत तर क्लच प्लेट. इलेक्ट्रिकमध्ये यातलं काहीच नाही. मोटरच्या गिअरबॉक्समध्ये थोडं ऑइल असतं, पण ते वर्षानुवर्षं टिकतं. पुण्यात रोज 50-60 किलोमीटर चालवणाऱ्याला हा फरक खिशात जाणवतो. पण वर्षाकाठी 4,000-5,000 किलोमीटरच होत असतील, तर निव्वळ सर्व्हिस वाचेल म्हणून इलेक्ट्रिक घेऊ नका. तिचं जे बदलावं लागतं त्यातलं बरंचसं किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर चालतं.

ब्रेक ऑइलचंच घ्या. ते दोन्ही गाड्यांत सारखंच असतं आणि हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 प्रकाराचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा मुरला की हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी उभी असली तरी. इलेक्ट्रिकमध्ये पाय काढला की मोटरच वीज परत बॅटरीत भरत गाडी आवरते, ब्रेक पॅड पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त टिकतात, आणि त्या नादात ब्रेक ऑइल विसरलं जातं. महाबळेश्वरला रात्रभर पूर्ण चार्ज करून सकाळी पसरणीचा घाट उतरायला निघालात, तर भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते. मोटरचं आवरणं कमी होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. मी घाटमाथ्यावर 80-85 टक्क्यांवरच चार्जिंग थांबवते.

कोकणातल्यांसाठी आणखी एक. जुलैत आठवडाभर गाडी उभी राहिली की ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो. पेट्रोल गाडीत दोन-चार ब्रेकमध्ये तो घासून जातो; इलेक्ट्रिकमध्ये ब्रेक फारसा लागत नाही, म्हणून तो बसून राहतो. एकदा फिटरने चाक काढून दाखवलं तेव्हा कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकून जाम होत आल्या होत्या. पॅड नवे दिसत होते, तरी काम निघालंच. तेव्हापासून पावसाळ्याआधी पिना साफ करून ग्रीस लावून घेते, आणि मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही ना बघून अधूनमधून जोरात ब्रेक मारते.

सर्वांत जपायचं ते कूलंट, म्हणजे इंजिन किंवा बॅटरी थंड ठेवणारं द्रव. पेट्रोल गाडी वाटेत तापली तर बाटलीतलं पाणी ओतून गॅरेज गाठलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. इलेक्ट्रिकमध्ये हे करायचं नाही. तिथे कूलंट बॅटरीच्या सेलजवळून फिरतं, आणि काही गाड्यांना त्यासाठी वीज कमी वाहणारंच कूलंट लागतं. नळाच्या पाण्यातले क्षार नेमके उलटं काम करतात. मागच्या वर्षी एका गॅरेजमधला मुलगा सवयीने बाटली घेऊन टाकीकडे निघाला, मी अक्षरशः त्याचा हात धरला. रंग बघून कूलंट घेऊ नका. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच. (निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्यांची बॅटरी हवेवरच थंड होते, तिथे बॅटरीपुरता हा प्रश्न येत नाही. आणि 2001 मध्ये आलेल्या रेव्हा या छोट्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटऱ्या लेड-ॲसिड होत्या, त्यांना चक्क डिस्टिल्ड वॉटर लागायचं.)

एसीतही हाच फरक आहे. पेट्रोल गाडीचा गॅस कोपऱ्यावरचा एसीवाला भरून देतो. इलेक्ट्रिकचा कॉम्प्रेसर थेट उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्याला वीज न वाहणारं वेगळं ऑइल लागतं. नेहमीचं ऑइल गेलं तर इन्सुलेशनचा दोष येऊन गाडी बंद पडू शकते, आणि कॉम्प्रेसरचा खर्च मोठा असतो.

टायर इलेक्ट्रिकचे लवकर झिजतात, वजन जास्त म्हणून. छोटी 12 व्होल्टची बॅटरी दोघींत आहे, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.

माझं मत विचाराल तर रोजचं शहरातलं चालवणं आणि तासाभरात इलेक्ट्रिकचं काम जाणणारं वर्कशॉप असेल, तर इलेक्ट्रिकच घ्या. जवळचं वर्कशॉप 100-150 किलोमीटरवर असेल, तर बुकिंगआधी तिथे एक चक्कर मारा. त्या गाडीचं कूलंट आणि एसीचं ऑइल शिल्लक आहे का आणि उच्च दाबाच्या विजेच्या कामाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस रोज असतो की ठरावीक वारी येतो, हे काउंटरवर न विचारता आत फिटरलाच विचारा.