सामायिक सर्व्हरवर गिटची मालकी-तपासणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने आमच्या सामायिक बिल्ड सर्व्हरवर मी गिटची (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची) अद्ययावत आवृत्ती वापरत आहे आणि तिच्यातील ‘सेफ डिरेक्टरी’ ही, फोल्डरचा मालक आज्ञा चालवणाराच आहे का हे पाहणारी, मालकी-तपासणी पूर्णपणे चालू ठेवली आहे. ही तपासणी एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ या आवृत्तीत आली. त्याआधी दुसऱ्या कोणी वरच्या फोल्डरमध्ये ‘डॉट-गिट’ (गिटची माहिती ठेवणारे फोल्डर) तयार करून ठेवले, तर गिट त्यातील कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, निमूटपणे वाचत असे. त्या कॉन्फिगमधील ‘एफएसमॉनिटर’सारख्या (फाइलींतील बदलांवर नजर ठेवणाऱ्या सोयीच्या) नोंदीत हवी ती आज्ञा लिहिता येत असल्यामुळे, टर्मिनलचा प्रॉम्प्ट (आज्ञा लिहिण्याआधी दिसणारी ओळ) रिपॉझिटरीतील, म्हणजे गिटने सांभाळलेल्या कोडसंग्रहातील, बदल दाखवणारा असेल तर त्या फोल्डरमध्ये नुसते शिरणेही धोक्याचे होते.

आता मालक वेगळा आढळला की गिट काम थांबवते. याचा सर्वाधिक जाच कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवण्याच्या बंदिस्त वातावरणात) होतो, कारण बाहेरून जोडलेल्या फोल्डरचा मालक एक आणि आत आज्ञा चालवणारा रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता), ही तिथली नित्याची स्थिती आहे. त्यावर वापरकर्त्याच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये ‘सेफ डिरेक्टरी’पुढे तारांकन टाकण्याचा, म्हणजे सर्वच फोल्डर विश्वासाचे मानण्याचा, सल्ला सर्रास दिला जातो. तो कुलूप लावून किल्ली दारालाच टांगण्यासारखा आहे. आम्ही शक्य तिथे मालकी दुरुस्त केली, काही कंटेनर फोल्डरच्या मालकाच्याच यूजर आयडीने चालवले आणि उरलेल्या ठिकाणी विश्वासाच्या फोल्डरचा नेमका पूर्ण पाथ (पत्ता) नोंदवला. रिपॉझिटरीच्या स्वतःच्या कॉन्फिगमधील अशी नोंद गिट मानत नाही, हा या रचनेतील सर्वांत शहाणपणाचा भाग मला वाटतो.

मात्र परक्या रिपॉझिटरीचे क्लोन करताना, म्हणजे तिची प्रत आपल्याकडे उतरवताना, ही तपासणी वाचवत नाही, कारण तिथे मालक आपणच असतो. मे २०२४ मधील सीव्हीई-२०२४-३२००२ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटीचा जाहीर क्रमांक) या त्रुटीत सबमॉड्यूल (रिपॉझिटरीत जोडलेली दुसरी रिपॉझिटरी) आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइल-फोल्डरकडे नेणारा दुवा) यांच्या संगनमताने विंडोज व मॅकवर क्लोन होतानाच हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. जुलै २०२५ मधील सीव्हीई-२०२५-४८३८४ मध्ये सबमॉड्यूलच्या पाथच्या शेवटी दडवलेल्या कॅरेज रिटर्न या न दिसणाऱ्या चिन्हाने लिनक्स आणि मॅकवर तेच साधले. दुरुस्त्या अनुक्रमे २.४५.१ आणि २.५०.१ मध्ये मिळाल्या. त्यामुळे आवृत्ती वाढवावी आणि अनोळखी रिपॉझिटरीचे सबमॉड्यूल तपासल्याशिवाय उतरवू नयेत. २.४५.१ मधील हुकविषयक (गिटच्या कामादरम्यान आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टविषयक) जादा खबरदारीने गिट एलएफएसचे (मोठ्या फाइलींसाठीच्या जोडसाधनाचे) क्लोन अडले आणि ती २.४५.२ मध्ये मागे घ्यावी लागली, म्हणून आम्ही प्रत्येक नवी आवृत्ती आधी चाचणीच्या यंत्रावर चालवून पाहतो.

आवृत्ती क्रमांकावर मात्र डोळे झाकून विसंबता येत नाही: डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणाली जुन्याच क्रमांकात दुरुस्ती मिसळतात, तर मॅकवर होमब्रूने (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाने) नवे गिट बसवले तरी ॲपलच्या साधनांसोबत आलेले गिट वेगळे राहते आणि आज्ञा शोधण्याच्या फोल्डरांची यादी असलेल्या ‘पाथ’ सेटिंगच्या क्रमानुसार तेच चालू शकते.